केबल चोरणारे तीन पोट्टे आणि चौथा, ज्यानं काहीच केलं नव्हतं

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावचं हे प्रकरण आहे. गावाचं नाव सांगत नाही आणि पोरांची नावं तर नाहीच नाही, कारण बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा प्रकरणातल्या मुलाची ओळख पटेल असं काहीच बाहेर सांगता येत नाही, आणि कायदा नसता तरी मी सांगितली नसती. मी इथल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. ज्या तिघांनी चोरी केली त्यांना मी मोठा, मधला आणि लहाना म्हणतो. चौथ्याला बेड्यावरचा म्हणतो, बेडा म्हणजे गावाबाहेरची पारध्यांची वस्ती, कारण गाव त्याला तेच म्हणते आणि या सगळ्या प्रकरणाची गोम तिथंच आहे.

डिसेंबर महिना होता, गहू-हरभऱ्याच्या ओलिताचा टाइम. आमच्याकडे शेतीपंपाची लाइन काही दिवस रात्रीची असते तर काही दिवस दिवसाची. रात्रीची लाइन असली की अर्धं गाव बॅटरी घेऊन वावरात, आणि दिवसाची असली की रात्री धुऱ्यावर कुत्रंही नसतं. पोरांना हे बरोबर माहीत. अशाच एका रात्री तीन विहिरींवरच्या मोटरीच्या केबली कापून नेल्या. दोन उघड्या विहिरी होत्या, तिसरीला विटांची टिनाची खोली होती, कुलूप नव्हतं, आत गुंडाळून ठेवलेली केबल होती तीही गेली. स्टार्टरचं किटकॅट, म्हणजे फ्यूज, आधी काढून बाजूला नीट ठेवलेलं होतं, म्हणजे कापणाऱ्याला करंटचं समजत होतं. ज्याच्या शंभर फुटाची केबल गेली त्याला नवी घ्यायला चार-पाच हजार लागतात, वर दोन-तीन पाण्याच्या पाळ्या चुकतात आणि ऐन फुलावरचा हरभरा सुकतो. कास्तकाराचा राग खोटा नव्हता, हे पहिलेच सांगून ठेवतो.

सकाळी आठच्या आत चोर "सापडला" पण. कोणी काही पाहिलं नव्हतं, कोणाजवळ काही मिळालं नव्हतं. पानठेल्याजवळ बेड्यावरचा पोरगा उभा होता, केस सोनेरी केलेले, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, आणि रात्री कुठी गेलता या प्रश्नाला त्यानं उत्तर दिलं "फिरत होतो". तेवढं पुरलं. दोन-तीन जणांनी तिथंच झोडपला. पोलीस पाटील धावत आले म्हणून जास्त झालं नाही, मग ठाण्याची गाडी आली आणि त्याला घेऊन गेली. गर्दीतलं एक वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही, "याहिची जातच थे, याहिले काय विचारता."

आता थोडं थांबून शब्दांचं बोलतो, कारण आपण तीन वेगळ्या गोष्टींना एकच शिक्का मारतो आणि मग सगळा घोळ होतो.

पहिली गोष्ट विचलन, म्हणजे चारचौघं ज्याला बरोबर म्हणतात त्यापेक्षा वेगळं वागणं. शाळा सोडणं, केस रंगवणं, दिवसभर ठेल्यावर बसणं, मोठ्यांना उलटून बोलणं. यात कायद्याचा संबंध असेलच असं नाही, यातली शिक्षा म्हणजे गावाची नजर. दुसरी गोष्ट गुन्हा, म्हणजे कायद्याच्या पुस्तकात ज्यावर शिक्षा लिहिली आहे ते, गावाला पटो की न पटो. या दोन गोष्टी एकमेकीवर थोड्या चढतात पण पूर्ण बसत नाहीत. आमच्याच गावात बघा. तारेवर आकडा टाकून लाइन घेणं ही वीजचोरी आहे, २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १३५ मध्ये तिला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, पण आकडा टाकणाऱ्याला गावात कोणी चोर म्हणत नाही, उलट तोच माणूस त्या दिवशी ठेल्याजवळ सगळ्यात मोठ्यानं ओरडत होता. म्हणजे गुन्हा आहे आणि विचलन नाही. बेड्यावरच्याचे केस हे विचलन, त्यात गुन्हा शून्य. आणि केबलचोरी ही दोन्ही.

तिसरी गोष्ट बालगुन्हेगारी, आणि ती या दोघींच्या मधात वयाची रेघ मारल्यावर तयार होते. कृत्य तेच, करणारा अठराच्या आतला असला की नाव बदलते, समोरचं ऑफिस बदलते, प्रश्न बदलतो. मोठ्या माणसाला कोर्ट विचारते की तू केलं का आणि त्याची शिक्षा किती, आणि पोराच्या बाबतीत विचारायचं असते की हे काऊन झालं आणि आता याचं काय करायचं. जगातलं पहिलं वेगळं बाल न्यायालय १८९९ मध्ये शिकागोत सुरू झालं ते याच विचारानं. पण तिथं एक भानगडही झाली, अमेरिकेत शाळा बुडवणं, घरून पळून जाणं, रात्री उशिरा बाहेर फिरणं हे सुद्धा बालगुन्हेगारीत मोजलं गेलं, म्हणजे जे मोठ्यानं केलं तर काहीच नाही ते पोरानं केलं तर केस. आपल्या आजच्या कायद्यात तसं नाही. आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे मुलावर गुन्हा म्हणून लिहिलेल्या कृत्याचाच आरोप असायला पाहिजे. नुसता शाळेत न जाणारा, ठेल्यावर बसणारा पोरगा कायद्याच्या दृष्टीनं बालगुन्हेगार नाहीच, झालाच तर काळजी आणि संरक्षणाची गरज असलेला बालक होऊ शकतो. मी ही गोष्ट पालकसभेत चार वेळा सांगितली असेन, पण "वाया गेलेला" हा शब्द लोकांच्या तोंडात असा बसला आहे की त्यात सगळंच मावते.

बरं, रेघ तरी एका जागी राहिली का? १९८६ च्या कायद्यात मुलगा सोळा पूर्ण झाला की मोठा धरत, मुलगी अठराला. २००० च्या कायद्यानं दोघांनाही अठरा केलं. आमच्या प्रकरणातला मोठा सोळा वर्षं चार महिन्यांचा आहे, म्हणजे हीच चोरी त्यानं १९९० मध्ये केली असती तर तो सरळ मोठ्या माणसांच्या कोर्टात गेला असता. आणि २०१५ च्या कायद्यानं सोळा ते अठरामधल्या पोरासाठी परत एक दार उघडलं, ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षं शिक्षा आहे तसा आरोप असला तर बाल न्याय मंडळ, म्हणजे पोरांची प्रकरणं पाहणारं कोर्ट, प्राथमिक मूल्यांकन करते आणि त्याला मोठ्यासारखं चालवायचं का हे ठरवते. केबलचोरीचा तो विषय नाही, पण गावात व्हॉट्सॲपवर "आता सोळालाच जेल" असं फिरत होतं आणि मोठ्याची माय त्या मेसेजनं दोन दिवस जेवली नाही, म्हणून हे लिहिलं.

शब्दही बदलत गेले. १९८६ चा कायदा अशा मुलाला अपचारी म्हणायचा, २०१५ चा विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतो. बोलायला जड आहे, मान्य, पण त्यात पोरगा चोर नाही, पोरगा कायद्याशी भांडणात सापडला आहे असा अर्थ निघतो, आणि हा फरक कागदावरचा नाही हे मी डोळ्यानं पाहिलं.

त्या संध्याकाळी बेड्यावरच्या पोराची माय माझ्या घरी आली. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही. "गुरुजी, माह्या पोराचा दाखला द्या, पोलीस म्हणते थो एकोणीसचा आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा उघडून दाखलखारीज रजिस्टर काढलं. जन्मतारीख १ जून. आमच्या रजिस्टरात अर्ध्या पोरांची जन्मतारीख १ जूनच आहे, ज्याच्या जन्माची नोंद नाही त्याला तीच टाकत, पण वर्ष मोजलं तर तो साडेसतराचा निघत होता आणि कायद्याच्या कलम ९४ मध्ये वयाचा पहिला पुरावा शाळेचाच धरतात. त्याच ओळीत शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण लिहिलेलं होतं, "सतत गैरहजर". अक्षर माझं. सहावीत असताना तो मायबापासोबत तीन-तीन महिने कामाला बाहेर जायचा, मी दोनदा निरोप पाठवला आणि मग ही ओळ लिहून मोकळा झालो. ते माझं चुकलं, आणि ती ओळ हातात घेऊनच मी पोलीस पाटलांसोबत ठाण्यात गेलो.

ठाण्यात त्याला लॉकअपमध्ये टाकलं नव्हतं, पण रात्रभर बाकावर बसवून ठेवलं होतं. मुलाला लॉकअपमध्ये किंवा जेलमध्ये ठेवता येत नाही, प्रत्येक ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, मुलाला ताब्यात घेतलं की त्याच्या हवाली करायचं, मायबापाला कळवायचं आणि चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे उभं करायचं, हे सगळं कलम १० आणि आजूबाजूच्या कलमांत आहे. जमादारांनी उतारा वाचला आणि म्हणाले, "हे कालच समोर असतं तर याले आम्ही असं बसवलंच नसतं." त्याच्याविरुद्ध काहीच नव्हतं, घरी सोडलं. पोरगा परत येताना माझ्या गाडीवर मागं बसून होता, सोळा किलोमीटर एक शब्द बोलला नाही.

पारध्यांच्या बेड्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला, पुढं देशभरातल्या कितीतरी जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, हजेरी लावायची, गाव सोडायला परवानगी काढायची. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. म्हणजे या पोराच्या आजाच्या काळातच संपला, तरी केबल गेली की पहिला हात याच्याच कॉलरला जातो. विचलन कोणाच्या अंगावर चिकटवायचं हे कृत्य पाहून ठरतच नाही कधी कधी, माणूस पाहून ठरते.

तिसऱ्या दिवशी मधला शाळेत आला. चौदा वर्षांचा, आठवीत, दोन दिवस गैरहजर होता. उजव्या हाताच्या दोन बोटांवर फोड आलेले, नखांत काळं. विचारलं तर म्हणाला चुलीवर पोळलं. गणिताच्या तासाला त्याचं लक्ष बाकाखाली होतं, मी जवळ गेलो तर त्याच्या हातात एक छोटीशी बंडी होती, तांब्याच्या तारेची. सुताएवढ्या बारीक तारा पिळून दोन चाकं केलेली, चाकाला सहा-सहा आरे, वर जू, जुवाला शिवळासुद्धा. तार एका बाजूनं काळी पडलेली, जळालेली, आणि जिथं पिळली तिथं लाल चकचकीत. इतकं सुंदर काम होतं की मला आधी कौतुक वाटलं आणि मग पोटात गोळा आला. नाल्यात प्लॅस्टिक जाळल्याचा काळा डाग आम्ही सगळ्यांनी पाहिला होता.

मी वर्गात काही बोललो नाही. शाळा सुटल्यावर त्याला थांबवलं, बंडी टेबलावर ठेवली आणि नुसतं विचारलं, "कोणासाठी केली?" म्हणाला, "बहिणीसाठी, तान्ह्या पोळ्याले तिचा लाकडाचा बैल होता नं, त्याले बंडी नव्हती." आणि मग रडायला लागला आणि सगळं सांगितलं.

मोठा हा गावातल्या ट्रॅक्टरवाल्याचा पोरगा. दहावी नापास, बापाची मोटरसायकल बिनालायसन्स दोन वर्षांपासून पळवतो, आणि अल्पवयीन पोराच्या हाती गाडी दिली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला किंवा पालकालाच तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड आहे, तरी गाव म्हणते पोट्टा हुशार आहे, गाडी चांगली चालवते. त्याला मोबाइलचा डिस्प्ले बदलायचा होता. मधल्याला कबड्डीच्या टूर्नामेंटसाठी बूट पाहिजे होते, बाकीची सगळी टीम बुटात आणि हा एकटा अनवाणी. लहाना अकरा वर्षांचा, मधल्याच्या घराशेजारचा, त्याच्या हाती बॅटरी दिली आणि वीस रुपये आणि कुरकुऱ्याचा पुडा. पण आयडिया तिघांपैकी कोणाची नव्हती. आठवडी बाजाराजवळ एक भंगारवाला बसतो, त्यानं मोठ्याला खर्रा खाऊ घालता घालता सांगितलं होतं की तांबं आणा, जाळून आणा, प्लॅस्टिकचा भाव नाई भेटत. पक्कड त्यानंच दिली. सहा किलोच्या जवळपास तांबं झालं, किलोला साडेतीनशेनं घेतलं, बाजारात त्याला किती मिळाले असतील ते तुम्हीच काढा.

गुन्ह्याचा अभ्यास करणारे शास्त्रवाले या गोष्टी वेगवेगळ्या करून सांगतात आणि इथं त्या एकाच रात्रीत होत्या. रॉबर्ट मर्टननं १९३८ मध्ये मांडलं की समाज सगळ्यांना तीच स्वप्नं दाखवतो पण तिथं जायची वाट सगळ्यांना देत नाही, मग काही जण आडवाट धरतात, ते बुटांचं. एडविन सदरलँड म्हणायचा की गुन्हा रक्तात नसतो, जवळच्या माणसांकडून शिकला जातो, कसा करायचा तेही आणि त्यात काही वाईट नाही हे मनाला कसं सांगायचं तेही, ती पक्कड आणि खर्रा. ट्रॅव्हिस हर्शी उलटा प्रश्न विचारायचा, की बाकीचे पोरं काऊन नाही करत, आणि उत्तर द्यायचा की घर, शाळा, काम यांची दोरी घट्ट असते म्हणून. मधल्याचा बाप वीटभट्टीवर बाहेरगावी, माय अंधारातच वेचणीला जाते आणि अंधारातच येते, शाळेची दोरी माझ्या हातात होती. पण मोठ्याच्या घरी काय कमी होतं? त्याला मर्टन लागू पडत नाही, त्याला फक्त मजा आली. टेरी मॉफिटनं १९९३ मध्ये लिहिलं आहे की बहुतेक पोरांचं असं वागणं त्या वयापुरतंच असते, मोठे झाले की आपोआप सुटते, फार थोड्यांचंच लहानपणापासून आयुष्यभर चालते. मला हे पटते, कारण माझ्याकडच्या जुन्या बॅचमधले तुरीच्या शेंगा, बोरं, अंडे चोरणारे आज नीट संसार करत आहेत.

मी आधी मधल्याच्या मायला सांगितलं, मग पोलीस पाटलांना, मग तिन्ही घरचे मिळून ठाण्यात गेलो. तंटामुक्ती समितीत बसवून मिटवून टाका असं ट्रॅक्टरवाल्याचं म्हणणं होतं, पैसे भरून देतो म्हणाला, आणि खरं सांगतो, बेड्यावरच्यासाठी हे कोणालाच सुचलं नव्हतं. मार त्याला आणि समिती याला. मी नाही म्हटलं कारण भंगारवाला मोकळा सुटला असता.

ठाण्यात पोरांच्या नावे एफआयआर झाला नाही. कमी गंभीर प्रकरणात नियमच तसा आहे, ठाण्याच्या डायरीत नोंद घ्यायची आणि मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाला पाठवायचा. गंमत कलमांची बघा, एकाच रात्री एकाच पक्कडीनं केलेलं काम, पण उघड्या विहिरीवरची केबल भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये, तीन वर्षांपर्यंत, म्हणजे मुलांच्या कायद्यात किरकोळ, आणि खोलीतली केबल कलम ३०५ मध्ये, सात वर्षांपर्यंत, म्हणजे किरकोळच्या पल्याड. चार विटांच्या भिंतीनं कृत्याचं वजन वाढलं. आणि लहान्याचं तर अजूनच वेगळं, सात वर्षांच्या आतल्याचं कोणतंच कृत्य गुन्हा होत नाही, आणि सात ते बारामधल्याला आपण काय करतो त्याचा परिणाम समजण्याइतकी अक्कल आली नसेल तर त्याचंही नाही. त्याला जमादारांनी विचारलं बॅटरी काऊन धरली, तर म्हणाला, "दादानं म्हणलं उजेड पाड." भंगारवाल्यावर मात्र गुन्हा दाखल झाला. चोरीचा माल घेणं तर आहेच, पण मुलांकडून बेकायदा काम करून घेतल्याबद्दल बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ मध्ये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड आहे, आणि पोराला तंबाखू देणं हा कलम ७७ मधला वेगळा गुन्हा आहे. गावात त्याच्याविरुद्ध कोणी एक शब्द काढला नव्हता, त्याचं दुकान त्या आठवड्यातही चालू होतं.

मंडळ जिल्ह्याच्या ठिकाणी बसते. मी मधल्यासोबत तीनही तारखांना गेलो. एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यातली एक तरी बाई असावीच लागते. साधी खोली, साधं टेबल, पिंजरा नाही, काळा कोट नाही. मधल्याला बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "कबड्डीत रेड मारतो की पकड करतो?" त्याला उत्तर द्यायला मिनिटभर लागलं. परिविक्षा अधिकाऱ्यांनी घरी येऊन अहवाल केला होता, मायची मजुरी, बापाचा पत्ता, शाळेची हजेरी, सगळं. शेवटी लहान्याला समजावून घरी पाठवलं, मधल्याला ताकीद आणि काही महिने समुपदेशन, मोठ्याला समुपदेशनासोबत सामुदायिक सेवा, ग्रामपंचायतीनं लावलेल्या झाडांना उन्हाळाभर पाणी घालायचं, आणि मोठ्याच्या बापानं केबलचे पैसे भरले. कायदा पुढं म्हणतो की या नोंदीमुळे मुलाला पुढं नोकरीत किंवा कुठं अपात्र धरायचं नाही आणि ठराविक काळानं ती नष्ट करायची.

कागद नष्ट होतो. गावाचं काय करायचं याचं कलम नाही. १९५१ मध्ये एडविन लेमर्ट या समाजशास्त्रज्ञानं विचलनाचे दोन भाग केले होते, पहिलं विचलन म्हणजे पोरगं सहज करून जाते ते, आणि दुसरं म्हणजे लोकांनी नाव ठेवल्यावर ते नावच अंगी आणून करते ते. संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या रियाध मार्गदर्शक तत्त्वांतही लिहिलं आहे की पोराला विचलित किंवा गुन्हेगार असं लेबल लावल्यानंच बरेचदा ते वागणं पक्कं होते. तिघांचं मी पाहतो आहे. मोठ्याला कोणी काही म्हणत नाही, झाडाला पाणी टाकताना लोक त्याला चहा पाजतात. मधल्याला कबड्डीच्या टीमनं काढलं, बूट तर जप्तच झाले होते. बेड्यावरचा जानेवारीतच नागपूरला कामाला निघून गेला, ज्यांनी मारलं त्यातला एकही त्याच्या दारात गेला नाही, मी गेलो तेव्हा तो निघून चार दिवस झाले होते.

मार्चमध्ये होळी आली. आमच्याकडे होळीच्या आदल्या रात्री पोट्टे गावभर लाकडं चोरतात, धुऱ्यावरच्या काट्या, कोणाची मोडकी खाट, कोणाच्या कोठ्याचं दार, आणि ज्याचं गेलं तो सकाळी शिव्या देते आणि संध्याकाळी त्याच होळीत नारळ टाकते. पुस्तकाप्रमाणे ही कलम ३०३ चीच चोरी आहे. त्या रात्री अकराच्या सुमारास पोट्ट्यांची टोळी माझ्या घरासमोरून गेली, सगळ्यात पुढं मोठा, खांद्यावर पोलीस पाटलांच्याच वाडीचं फाटक. मधला माझ्या ओसरीवर बसून होता, आठ वाजल्यापासून, पुस्तक उघडं ठेवून. मी म्हटलं, जा ना बे, सगळे चालले. त्यानं पुस्तकातून मान वर केली नाही.

"नाई सर. उद्या कोणाचं काही हारपलं तर माह्यावरच येईन. तुम्ही सांगजो, मी इथंच होतो म्हणून."